पत्रा वाचायचा कसा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचे गोल डबे ओळीने मांडलेले असतात. त्यातला एक हातात घेऊन तळापासून काठापर्यंत बोट फिरवले तर कुठेही सांधा लागत नाही. अख्खा डबा एका सपाट गोल चकतीतून निघालेला असतो. १०० मिलिमीटर व्यास आणि तेवढीच उंची असलेल्या डब्याला, पत्र्याची जाडी बदलत नाही असे धरले तर, सुमारे २२४ मिलिमीटर व्यासाची चकती लागते. म्हणजे चकतीचा ७०० मिलिमीटरचा घेर काठापाशी येईस्तोवर ३१४ मिलिमीटरमध्ये मावला पाहिजे. एवढा पत्रा मावतो कसा?

उकडीचे मोदक करणाऱ्या हातांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. पारी वर उचलली की कडेचा जास्तीचा भाग कळ्यांमध्ये दुमडावाच लागतो, आणि कळ्या जितक्या सारख्या तितका मोदक देखणा. पत्र्याच्या कामात याच कळ्यांना चुण्या म्हणतात आणि एक जरी दिसली तरी जॉब भंगारात जातो. म्हणून चकतीची कड ब्लँक होल्डरने दाबून धरायची आणि मधून पंच खाली आणायचा. दाब कमी पडला की कडेला चुण्या येतात. जास्त झाला की पत्रा आत सरकत नाही, तळाच्या वळणावर ताणून पातळ पडतो आणि चिरतो. वर दिलेल्या मापाचा डबा तर एका ठोक्यात निघतही नाही. चकतीचा व्यास डब्याच्या व्यासाच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त झाला की दोन टप्प्यांत ओढावे लागते, आणि पहिल्या टप्प्यात पत्र्याने जे सोसले ते दुसऱ्या टप्प्यात त्याच्या अंगात असतेच.

हे पुस्तक या डब्यापासून निघून मोटारीच्या दारापर्यंत जाते. त्याचा विषय मात्र डबाही नाही आणि दारही नाही. प्रेसवर डाय चढण्याआधी संगणकावर पत्रा ओढून पाहण्याची सोय आज आहे. ते गणित संपले की पडद्यावर जे रंगीत चित्र उमटते, ते उघडून, फिरवून, कापून, मोजून कसे वाचायचे, हा पुस्तकाचा विषय आहे. या कामाला सॉफ्टवेअरच्या भाषेत पोस्टप्रोसेसिंग म्हणतात.

नौपाड्यातून तीन हात नाका ओलांडला की वागळे इस्टेट येते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला तो याच वसाहतीतल्या एका छोट्या समारंभात, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली. हॉकिन्सचे प्रेशर कुकर बनवणारा कारखाना याच इस्टेटमध्ये आहे. जाड ॲल्युमिनियमची चकती ओढून भांडे करण्याचे काम ठाणेकरांच्या इतके शेजारी आहे. थोडे दूर, कुर्ल्याला, प्रीमिअर पद्मिनी बनत असे. नव्वदच्या दशकात प्रीमिअरनेच प्यूजोबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही मोटार काढली. कुर्ला ते कल्याण या रेल्वेच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या प्रेसचा ठोका ऐकू येत आला आहे. तो ऐकत वाढलेल्या घरांतली मुले आज संगणकापुढे बसतात. पत्रा तोच आहे, पण आता तो पडद्यावर भेटतो.

संगणक येण्याआधी पत्रा वाचला जात नव्हता असे नाही. टूलरूममधला अनुभवी फिटर ट्रायलचा पहिला तुकडा हातात घेतो तेव्हा तो वाचतच असतो. कोपऱ्यावरून अंगठा फिरवून पातळ पडलेली जागा ओळखतो, उजेडात तिरपा धरून लाट पाहतो, ऑइलस्टोन घासून खोलगट भाग शोधतो, डायला निळा रंग लावून कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही ते तपासतो. मग ग्राइंडर चालतो, वळण थोडे मोठे होते, पत्रा अडवून धरणारी ड्रॉ बीड थोडी उतरते, पुन्हा ट्रायल. मोठ्या पॅनलच्या डायला अशा फेऱ्यांमध्ये आठवडेच्या आठवडे जात. हे ज्ञान बोटांत असे. कागदावर फार थोडे उतरले.

कागदावर उतरवण्याची पहिली भक्कम पद्धत १९६०च्या दशकात आली. अमेरिकेत स्टुअर्ट कीलर यांनी पत्र्यावर छोट्या वर्तुळांची जाळी उठवून मग तो प्रेसमध्ये घातला. बाहेर आला तेव्हा वर्तुळांची लंबवर्तुळे झाली होती. लांब अक्ष किती वाढला, आखूड अक्ष किती वाढला किंवा आक्रसला, हे मोजले की त्या जागी पत्र्याने काय सोसले ते आकड्यात येते; हा आकडा म्हणजे स्ट्रेन. चिरलेल्या जागांचे आणि शाबूत जागांचे आकडे आलेखावर टाकले की दोहोंच्या मधून एक रेषा निघते. दोन्ही दिशांनी ताणल्या जाणाऱ्या पत्र्याची बाजू कीलर यांनी मांडली. एका दिशेने ताण आणि दुसऱ्या दिशेने आक्रसणे, ही डावी बाजू गॉर्टन गुडविन यांनी १९६८मध्ये जोडली. हीच फॉर्मिंग लिमिट डायग्राम, टूलरूमच्या बोलीत एफएलडी. आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबले की हा आलेख उघडतो. पण तो मुळात ओल्या, तेलकट, खऱ्या पत्र्यावर भिंगाने मोजलेल्या लंबवर्तुळांतून आला आहे. हे ज्याला माहीत आहे तो त्या बटणाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

बोटाला आणि भिंगाला न लागणारीही एक गोष्ट पत्र्यात असते. तिची सर्वांत बोलकी हकिगत भारतातच घडली. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात आणि काही काळाने, कोणी हात न लावता, त्यांच्या नळकांड्यांना तडे जात. ऋतूशी नाते दिसले म्हणून इंग्रजीत त्यांना ऋतूचेच नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडले. नळकांडे ओढून काढताना पितळेत ताण अडकून राहिला होता, आणि घोड्यांच्या मुताऱ्यांतून येणाऱ्या अमोनियाने दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला पोखरले. नळकांडी योग्य तापमानाला तापवून ताण मोकळा केला की तडे थांबले. माप बरोबर, पृष्ठभाग चकचकीत, तरी आत काहीतरी दडलेले! आज सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक ताणाचा रंगनकाशा एका क्लिकवर दिसतो. त्या काळच्या शस्त्रागारातल्या कोणाला तो दिसला असता तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच.

गणिताची बाजू इथे थोडक्यात सांगणे पुरे. रॉडनी हिल यांनी १९४८मध्ये लाटलेल्या पत्र्याचा तो गुण समीकरणात बसवला ज्यामुळे तो लाटण्याच्या दिशेने एक वागतो आणि आडव्या दिशेने दुसरे. १९७८मध्ये वांग आणि बुडियान्स्की यांनी फायनाइट एलिमेंट पद्धतीने पत्र्याच्या स्टॅम्पिंगचे विश्लेषण मांडले. तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६मध्ये डायना३डी हा प्रोग्रॅम लिहिला तो बॉम्ब जमिनीवर आदळला की त्याचे काय होते हे पाहण्यासाठी. त्यातूनच पुढे एलएस-डायना आले, आणि आदळण्याचे गणित ओढण्याच्या कामी लागले. फ्रान्सच्या ईएसआयने मोटारीच्या टकरीच्या सॉफ्टवेअरशेजारी पॅम-स्टॅम्प उभे केले. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ साली ऑटोफॉर्म ही फक्त पत्र्याच्या कामाला वाहिलेली कंपनी निघाली. डायनाफॉर्म, हायपरफॉर्म, जपानचे जेस्टॅम्प, कॅनडाचे फास्टफॉर्म अशी नावे मग येत गेली. कंपन्या विकल्या गेल्या, मालक बदलले, खिडक्यांची मांडणी दर दोन वर्षांनी बदलते. म्हणूनच या पुस्तकाने कोणत्याही एका सॉफ्टवेअरचे गाइड होण्याचे टाळले, हे योग्य झाले.

या सगळ्यांत तीन घराणी ठळक आहेत. पहिले एकाच पायरीत उत्तर देणारे. ते तयार भागाचा आकार घेऊन उलटे चालते आणि सुरुवातीची चकती किंवा ब्लँक केवढी असेल ते मिनिटभरात सांगते. पंच कसा आला, बीडने किती धरले याचा तपशील त्याला नसतो, पण कोटेशन देताना ते लाखमोलाचे. दुसरे घराणे पंच थोडाथोडा खाली आणत प्रत्येक पायरीला समतोल साधून पुढे जाणारे. तिसरे टकरीच्या वंशातले, म्हणजे काळाचे अतिसूक्ष्म तुकडे करून पत्रा जणू वेगाने हलतो आहे असे मोजणारे. तिसऱ्याचा एक धर्म वाचणाऱ्याने कायम लक्षात ठेवावा. वेळ वाचवण्यासाठी त्यात पंच खऱ्या प्रेसपेक्षा कितीतरी वेगाने चालवतात, किंवा पत्र्याला खोटे वजन देतात. ते जास्त झाले तर पडद्यावरचा पत्रा डायमध्ये बसण्याऐवजी उडतो, आणि रंग तरीही सुंदर दिसतात. म्हणून रंगांकडे जाण्याआधी ऊर्जेचा आलेख उघडायचा: हालचालीची ऊर्जा एकूण अंतर्गत ऊर्जेच्या पाच-दहा टक्क्यांच्या आतच राहिली पाहिजे. ही सवय लागायला दोन मिनिटे लागतात आणि न लागल्याने एखादी डाय वाया जाऊ शकते.

कोणते घराणे खरे, याची जाहीर परीक्षा घेण्याची चांगली परंपराही आहे. न्यूमिशीट ही परिषद १९९१ साली झुरिकमध्ये सुरू झाली. १९९३च्या जपानमधल्या परिषदेत चौकोनी कप आणि मोटारीचे फेंडर, १९९६मध्ये अमेरिकेत एस-आकाराची पट्टी, असे ठरावीक नमुने देऊन सगळ्यांना आपापले उत्तर मांडायला सांगितले गेले आणि ते खऱ्या प्रेसमधल्या मापांशेजारी ठेवले. उत्तरांतला फरक, विशेषतः पत्रा डायमधून सुटल्यावर किती उघडतो याबाबतचा, लपून राहिला नाही. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रशांत दाते आणि के. नरसिंहन या प्राध्यापकांनी पत्र्याच्या घडणक्षमतेवर दीर्घकाळ काम केले. नरसिंहन यांनी आर. एच. वॅगनर यांच्यासह १९९१मध्ये लिहिलेला निबंध तर एफएलडीच फायनाइट एलिमेंटने काढण्याविषयी होता. ठाण्याच्या विद्यार्थ्याला हे नाव झुरिकपेक्षा खूप जवळचे, खाडीच्या अलीकडचेच आहे.

आता मूळ मुद्दा. सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालून जे देतो ती एक अवाढव्य आकड्यांची फाइल असते. एलएस-डायनामध्ये ती डी३प्लॉट या नावाने मिळते. लाखभर एलिमेंट, म्हणजे गणितासाठी केलेले पत्र्याचे छोटे तुकडे, प्रत्येकाच्या जाडीतून अनेक थर, प्रत्येक थराचे ताण आणि स्ट्रेन, आणि हे सगळे पंचाच्या प्रवासातल्या प्रत्येक जतन केलेल्या क्षणी. माणसाला यातले काहीच दिसत नाही. दिसते ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने निवडलेले एक चित्र. कोणता आकडा, कोणता थर, कोणता क्षण, कोणत्या रंगपट्टीवर, या चार गोष्टी कोणीतरी ठरवलेल्या असतात. बघणाऱ्याने ठरवल्या नाहीत तर सॉफ्टवेअर ठरवते. पुस्तकाचा सगळा आग्रह या वाक्याभोवती आहे.

रंगपट्टीचेच पाहा. आपोआप ठरणाऱ्या पट्टीवर सर्वांत मोठा आकडा लाल आणि सर्वांत लहान निळा असतो. एका जॉबमध्ये पत्रा जास्तीत जास्त ८ टक्के पातळ पडला आणि दुसऱ्यात २८ टक्के, तरी दोन्ही चित्रांत तेच लाल. मऊ पोलादात ८ टक्के म्हणजे निर्धास्त, २८ म्हणजे बहुतेकदा डाय परत टूलरूममध्ये. दोन्ही चित्रे एका सादरीकरणात शेजारी लावून तुलना करणारे लोक आहेत, आणि त्यात त्यांचा दोष कमी, शिकवणाऱ्यांचा जास्त. पट्टी हाताने बांधायची, दोन्ही चित्रांना तीच, आणि पट्टी कधीही चित्रातून कापून टाकायची नाही. शिवाय लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे लोक प्रत्येक मोठ्या कार्यशाळेत असतात. त्यांच्यासाठी आकड्याची खूण त्या जागेवरच टाकावी, हे पुस्तकात आवर्जून सांगितले आहे.

दुसरी गोष्ट, क्षण. शेवटचे चित्र, म्हणजे पंच पूर्ण खाली टेकल्यावरचे, जवळजवळ नेहमीच चांगले दिसते. डाय आणि पंचाच्या मध्ये दाबला गेलेला पत्रा सपाट होणारच. पण खाली टेकण्याआधी दहा मिलिमीटर, पाच मिलिमीटर, दोन मिलिमीटर वर थांबून पाहिले तर मध्येच एक चुणी उभी राहिलेली दिसू शकते. शेवटच्या ठोक्यात ती चेपली जाते, आणि रंगवलेल्या दारावर उन्हात तिचा ओरखडा दिसतो. ॲनिमेशनची पट्टी हाताने मागे-पुढे सरकवणे हे म्हणूनच सर्वांत साधे आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. त्यासाठी सॉल्व्हरला आधीच शेवटच्या टप्प्यातले क्षण दाट जतन करायला सांगावे लागते. सबंध स्ट्रोकमध्ये दहाच चित्रे मागितली असतील तर ती चुणी दोन चित्रांच्या मधे हरवते.

तिसरी, थर. पत्रा वाकतो तेव्हा बाहेरचा थर ताणतो आणि आतला दबतो. बारीक वळणावर बाहेरच्या थराचे स्ट्रेन पाहिले तर आकडा घाबरवणारा येतो. एफएलडीवर मात्र मधल्या थराचे स्ट्रेन टाकायचे असतात, कारण पत्र्याची मान बारीक होऊन चिरण्याची क्रिया सबंध जाडीची असते. बाहेरच्या थराचा बिंदू एफएलडीवर टाकून चांगला आकार बदलायला लावला, असे सहज घडते. उलट दिशेची चूकही होते. चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून शेजारच्या एलिमेंटांच्या आकड्यांची सरासरी काढून रंग भरले जातात, आणि नेमका जो एक एलिमेंट धोक्यात आहे त्याचा आकडा शेजाऱ्यांमध्ये विरघळतो. शंका आली की सरासरी बंद करून एलिमेंटचा कच्चा आकडा पाहायचा. चित्र खडबडीत होईल, पण खरे होईल.

एफएलडीचा एक सापळा तर आकड्यांतच आहे. कीलर आणि ब्रेझिअर यांच्या सूत्राने ०.८ मिलिमीटर जाडीच्या, चांगल्या ओढाईच्या मऊ पोलादाला रेषेचा सर्वांत खालचा बिंदू सुमारे ३५ टक्क्यांवर येतो. हे ३५ टक्के अभियांत्रिकी स्ट्रेनमध्ये आहेत, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेतली वाढ. अनेक सॉफ्टवेअर लॉगरिदमवर बेतलेला खरा स्ट्रेन दाखवतात आणि त्यात हाच बिंदू ०.३० होतो. समजा कोणी रेषा ०.३५ अशीच टाकली आणि पत्र्यावर कुठेतरी ०.३२ आले. पडद्यावर तो बिंदू रेषेखाली, हिरव्यात. प्रत्यक्षात ०.३२ म्हणजे जवळजवळ ३८ टक्के वाढ. प्रेसवर तिथे चीर पडण्याची पूर्ण शक्यता आहे. कोणाचेही गणित चुकलेले नाही. फक्त दोन वेगळ्या मापपट्ट्या एका आलेखावर आल्या.

आणि एफएलडीही शेवटचा शब्द नाही. ती पत्रा एकाच वाटेने ताणत नेला असे धरते. दोन-तीन टप्प्यांच्या जॉबमध्ये, जसा आपला डबा, पहिल्या ठोक्याने पत्रा एका वाटेने गेलेला असतो आणि दुसऱ्या ठोक्यात वाट वळते. अशा वेळी जुनी रेषा दिशाभूल करू शकते. त्यावर तोडगा म्हणून काहींनी स्ट्रेनऐवजी ताणांवर आधारलेली मर्यादा सुचवली, काही नुकसान साठत जाण्याची प्रतिमाने वापरतात, तर प्रेस शॉपमधले बरेच जण अजूनही जाडीच्या साध्या टक्क्यावर विसंबतात. पुस्तकाने यातला एकच पक्ष घेतलेला नाही. लेखकाचा कल मात्र दिसतो: आधी जाडी, मग एफएलडी, आणि दोघांचे पटले नाही तर सेक्शन काढून त्या जागेचा सबंध इतिहास पाहायचा. हा क्रम पटण्यासारखा आहे.

सेक्शन कट, म्हणजे पडद्यावरचा जॉब हव्या त्या रेषेत सुरीने कापल्यासारखा उघडणे, हे जुन्या फिटरला सर्वांत आवडणारे साधन ठरते. डाय आणि पत्रा यांच्यातली फट, पत्रा कुठे टेकला आहे आणि कुठे हवेत आहे, हे त्याला निळ्या रंगातून अंदाजाने कळायचे ते इथे उघड दिसते. ब्लँकची कड किती आत सरकली, याचे मापही तसेच. ट्रायलच्या तुकड्यावर पट्टी लावून तेच माप घेता येते. दोन्ही जुळले तर पुढच्या रंगांवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. जुळले नाहीत तर तेल, बीड किंवा ब्लँक होल्डरचा दाब यांपैकी काहीतरी संगणकात वेगळे भरले गेले आहे. पडदा आणि प्रेस यांना जोडणारा इतका स्वस्त दुवा दुसरा नाही.

डायमधून सुटल्यावर पत्रा थोडा उघडतो, हा स्प्रिंगबॅक, आज सगळ्यांत महाग पडणारा प्रश्न आहे. ॲल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. त्यामुळे तेवढ्याच ताकदीचा पत्रा घेतला तरी तो साधारण तिप्पट उघडतो. पडद्यावर हा फरक मोजताना उघडलेला भाग मूळ आकारावर कसा बसवला, यावर उत्तर ठरते. सॉफ्टवेअरला सर्वांत चांगला मेळ साधायला सांगितले की ते फरक सगळीकडे थोडाथोडा वाटून टाकते, आणि एका टोकाला दोन मिलिमीटर उघडलेली पट्टी चित्रात सगळीकडे जवळपास बरोबर दिसते. खरा जॉब तपासणीच्या फिक्स्चरवर ज्या बिंदूंवर टेकतो, त्याच बिंदूंवर तो पडद्यावरही टेकवला पाहिजे. पुस्तकातला हा भाग सावकाश वाचावा. इथे घाई झाली तर डायला दिलेली भरपाईच उलट दिशेला जाते.

हे सगळे आत्ताच का? २०२३च्या १ ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही मोटारींच्या सुरक्षेची मानांकन पद्धत लागू झाली. तिच्यात तारे मिळवायचे तर मोटारीचा सांगाडा हलका आणि मजबूत हवा, म्हणजे जास्त ताकदीचे पोलाद हवे. असे पोलाद कमी ताणले जाते आणि जास्त उघडते. वीजगाड्यांत बॅटरीच्या वजनामुळे ॲल्युमिनियमची ओढ वाढली आहे. ओढाईच्या मऊ डीडी आणि ईडीडी प्रतींच्या पत्र्यावर तीस वर्षे चाललेला बोटांचा अंदाज इथे एकटा पुरत नाही. त्याला पडद्यावरच्या आकड्यांची जोड लागते, आणि पडद्यावरच्या माणसाला बोटांची.

दुसरे कारण स्थानिक आहे. वागळे इस्टेटमधल्या कितीतरी शेडच्या जागी आता आयटी पार्क उभे आहेत. टूलरूम आणि सिम्युलेशनचे टेबल यांच्यातले अंतर वाढले. एकेकाळी आकडे मोजणारा आणि डाय घासणारा एकाच शेडमध्ये चहा घेत. आता मोठी कंपनी सिम्युलेशन करून घेते आणि अंबरनाथ किंवा वसईच्या प्रेस शॉपला फक्त निकालाची फाइल पाठवते. ती उघडायला महागडे लायसन्स लागत नाही. एलएस-प्रीपोस्ट मोफत मिळते, आणि इतर घराण्यांचेही हलके व्ह्यूअर आहेत. पण फाइल उघडता येणे वेगळे आणि तीत काय विचारायचे हे माहीत असणे वेगळे. लहान प्रेस शॉपच्या मालकाने समोर आलेल्या पीडीएफमधले हिरवे चित्र पाहून ऑर्डर घेतली आणि नुकसान सोसले, असे होऊ नये. पंच टेकण्याआधीचे चित्र दाखवा, पट्टी कोणी बांधली ते सांगा, मधल्या थराचे स्ट्रेन द्या, असे तो ठामपणे म्हणू शकला पाहिजे.

मराठीत हे पुस्तक येणे त्यामुळेच महत्त्वाचे. टूल अँड डाय मेकरचा आयटीआय ट्रेड पूर्ण करून प्रेस शॉपमध्ये लागलेला मुलगा, डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून डिप्लोमाला जाणारी मुलगी, नौपाड्यात १९३५ साली मूळ धरलेल्या विद्या प्रसारक मंडळासारख्या संस्थांच्या पॉलिटेक्निकमधले विद्यार्थी: या सगळ्यांना यंत्राची भाषा येते, पत्र्याची भाषा येते, पण सॉफ्टवेअरचे मॅन्युअल परक्या वाटेने बोलते. शब्दांच्या बाबतीत लेखकाने शहाणपणाचा निर्णय घेतला आहे. डाय, पंच, ब्लँक, स्ट्रेन हे तसेच ठेवले, कारण शेडमध्ये तेच बोलतात. चीर, चुणी, उघडणे, पातळ पडणे, सरकणे हेही तसेच ठेवले, कारण तेही शेडमध्येच बोलतात. ओढूनताणून घडवलेले संस्कृत शब्द वाचताना अडखळायला लावतात आणि प्रेसशेजारी उभ्या माणसाला उपयोगी पडत नाहीत. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवता येते, आणि ते त्यासाठीच लिहिले आहे.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गरम करून दाबायच्या बोरॉन पोलादाचा, ज्याची ताकद १५०० मेगापास्कलपर्यंत जाते, इथे केवळ ओझरता उल्लेख आहे. जाड पत्र्याच्या, घन एलिमेंट वापरून करायच्या कामांनाही जागा मिळालेली नाही. पदार्थाचे गुण कसे मोजायचे, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि तो कोणीतरी मराठीत लिहायला हवा. लेखकाचा हट्ट एवढाच की जो विषय घेतला तो वाचकाच्या हातात पूर्ण उतरावा, आणि त्यासाठी काही दारे बंद ठेवावी लागली.

पहिल्या सरावाला संगणक लागत नाही. घरातला किंवा भंगारवाल्याकडचा एक ओढलेला गोल डबा घ्यायचा, हॅकसॉने तळापासून काठापर्यंत उभा कापायचा, कड कानसेने साफ करायची. तळाच्या मध्यापासून सुरुवात करून दर पाच मिलिमीटरवर पेनाने खूण करायची आणि मायक्रोमीटरने जाडी मोजायची. पॉलिशमुळे एखादे माप इकडेतिकडे होईल, ते तसेच लिहायचे. तळाच्या वळणाशी जाडी कुठे सर्वांत कमी होते आणि काठाकडे ती कशी वाढत जाते, त्याचा आलेख चौकटीच्या वहीत काढायचा. ती वही जपून ठेवावी. तीन प्रकरणांनंतर तोच डबा पडद्यावर येतो, सेक्शन कापला जातो, आणि जाडीची रेषा त्या वहीतल्या रेषेवर ठेवून पाहायची असते.